एक रिंग म्हणजे मी हाय

२ जुलै २०२५, नांदेड

पोचलो. लातूरहून निघालेली बस लोह्याला पाऊण तास थांबली, कारण कंडक्टरच्या मेहुण्याचं तिथं भज्याचं हॉटेल हाय म्हणे. मीही दोन प्लेट हाणल्या. मिरची अशी जहाल की नांदेड येईस्तोवर डोळ्यांतून पाणी. शेजारची म्हातारी कळवळून विचारून राहिली, लेकरा, कोण वारलं? म्हटलं कुणी न्हाई मावशी, भजी.

नवीन गाव, नवीन काम, नवीन वही. प्रत्येक नव्या गावात मी वही सुरू करतो आणि चौथ्या दिवशी सोडून देतो. दहावीला दोनदा बसलेल्या माणसाकडून आणखी काय होणार. पण ही वही जाड पुठ्ठ्याची हाय. मकबूलभाईंनी दिली. पुढच्या पानांवर गाद्यांची मापं, मागची सगळी कोरी.

मकबूलभाई माझे नवे मालक. जुन्या नांदेडात त्यांचं गाद्या-रजयांचं दुकान, तीन पिढ्यांचं. कापूस मशीनवर पिंजायचा, खोळीत भरायचा, काठीनं ठोकून सारखा करायचा, मग दाभणानं टाके घालायचे. त्यांच्या आजोबांची कापूस पिंजायची धनुकली अजून भिंतीला टांगलेली हाय. मी तार छेडून बघितली तर भाई म्हणाले, हात मत लगा, दादाजान उठ के आ जाते. सगळे हसले. माणूस भारी हाय. इथं मी टिकणार.

खोली दुकानाच्या वर, दुसऱ्या मजल्यावर. खिडकीतून मिनार दिसतो, पतंग अडकलेली तार दिसते. वर स्लॅब हाय. तिकडं मी बघितलं न्हाई.

दिवेलागणीला आईची रिंग आली. एक. आमचं असंच असतं. ती तिकडं औसा तालुक्यात, आमच्या गावात एकटी राहते. संध्याकाळी अंगणात अंथरूण टाकलं की मला एक रिंग देऊन कट करते. एक रिंग म्हणजे 'मी हाय'. मी उचलायचा न्हाई, उलट एक द्यायची. दोन रिंगा आल्या तर 'फोन कर'. पूर्वी बॅलन्स नसायचा तेव्हापासूनचं हे. आता बोलणं फुकटच हाय, पण सवय ती सवय. मला कळतं तेव्हापासून दोन रिंगा एकदाही आल्या न्हाईत.

५ जुलै

तीन रात्री गच्चीवर काढल्या. काल पाऊस आला तर ताडपत्री गुंडाळून पडलो. सकाळी मकबूलभाई वर आले आणि मला बघून कपाळावर हात मारला. क्या रे हरिओम, हमारे यहाँ गादी का कारखाना, और हमारा आदमी ताडपत्री में? म्हणाले गिऱ्हाइकांनी बघितलं तर दुकान बसेल.

मग सांगावं लागलं. मला स्लॅबखाली झोपता येत न्हाई. आडवं झालं की छातीत कुणीतरी पिंजायचं मशीन चालू करतं. हातपाय गार. वाटतं आता पडलं, आता पडलं. सहा गावं अन् नऊ कामं सोडली मी आजवर. उदगीरची बेकरी, चाकूरची डाळमिल, एका मंगल कार्यालयात खुर्च्या मांडायचं काम. लोक म्हणतात ह्याच्या पायाला भिंगरी हाय. भिंगरी कसली. प्रत्येक ठिकाणी वर छत होतं, एवढंच.

हे आईकडून आलं. त्र्याण्णवच्या भूकंपात आमचं जुनं गाव मातीला मिळालं. आईची दोन लेकरं गेली, थोरली ताई आणि पाच वर्षांचा आदिनाथ. मी तेव्हा नव्हतो. आईचं मुलं बंद करायचं ऑपरेशन होऊन गेलं होतं. ते तिनं दवाखान्यात जाऊन उलटं करून घेतलं, तसं तेव्हा लई बायांनी केलं, तेव्हा कुठं सहा वर्षांनी मी झालो. पुढं आठेक वर्षांनी बाप गेला. सरकारनं नव्या गावात दोन खोल्यांचं स्लॅबचं घर दिलं. त्यात आम्ही ज्वारीची पोती ठेवली, कडबा ठेवला, पण झोपलो कधी न्हाई. आई आजही लिंबाखाली पत्र्याच्या आडोशाला बाजेवर झोपते. लहानपणी मी कुणाच्या घरी निघालो की म्हणायची, आधी वर बघ, मग बस.

१० जुलै

सबिहा म्हणजे मकबूलभाईंची पोरगी, नर्सिंगला हाय. तिनं माझ्या मोबाइलवर एक कोर्स लावून दिला. 'निर्धास्त' नाव. दहा आठवडे, फुकट, दर गुरुवारी व्हिडिओवर मॅडमशी बोलायचं आणि आठवडाभर गृहपाठ. मी म्हटलं मी वेडा न्हाई. ती म्हणाली वेड्यांना ह्यात घेतच न्हाईत, तू नापास होशील. अब्बांनीही टाळी दिली तिला.

मॅडमचं नाव तनुजा. मागं पांढरी भिंत, एक कुंडी, आवाज एकदम सावकाश. मला वाटलं होतं औषध सांगतील. त्यांनी वही आहे का विचारलं! म्हटलं, हाय की, जाड पुठ्ठ्याची. त्यात रोज लिहायचं: काय घडलं, मनात काय आलं, आणि भीतीला शंभरपैकी मार्क.

मॅडमचं एक वाक्य मी मोबाइलच्या कव्हरमागं चिकटवलं. मनात आलेला विचार म्हणजे बातमी नव्हे.

आजची भीती: ९०. एवढे मार्क मला आयुष्यात कशातच पडले न्हाईत.

१७ जुलै

पानाचे दोन भाग करायचे. डावीकडं 'स्लॅब पडेल' ह्याच्या बाजूनं पुरावा, उजवीकडं विरुद्ध. डावीकडं मी लिहिलं, छाती धडधडते. मॅडम म्हणाल्या, तो छातीचा पुरावा झाला, स्लॅबचा न्हाई. हे मला लई आवडलं. दिवसभर सगळ्यांना सांगत सुटलो, मकबूलभाईंच्या दुखऱ्या गुडघ्यालासुद्धा लावून बघितलं. त्यांनी उशी फेकून मारली.

मॅडमनी दुसरंही सांगितलं: खरंच भेग दिसली, ओल दिसली, तर तिथं विचार तपासत बसायचं न्हाई, गवंडी बोलवायचा. भीती वेगळी, डागडुजी वेगळी. माझ्या खोलीचा स्लॅब गवंड्यानं काठीनं वाजवून बघितला. ठणठणीत. पक्का पुरावा, उजवीकडं लिहिला.

आईच्या घरालाही एकदा गवंडी दाखवायला पायजे.

भीती: ७५.

३१ जुलै

शिडी करायची असते. खालची पायरी सोपी, वरची अवघड. दार उघडं ठेवून दहा मिनिटं स्लॅबखाली. मग अर्धा तास. मग दार लावून. पळायचं न्हाई, वर बघायचं न्हाई, भीती चढू द्यायची, ती आपली आपण उतरते. आणि खरंच उतरते! मी घड्याळ लावून बसलो. अठराव्या मिनिटाला मशीन बंद. मी स्लॅबखाली बसून चक्क शेंगा खाल्ल्या.

भीती: ४५.

९ ऑगस्ट

काल सबंध रात्र आत झोपलो. दार लावून. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा.

सकाळी खाली आलो तर मकबूलभाईंनी सगळ्या दुकानाला चहा पाजला. म्हणाले आज हमारा आदमी गादी पे सोया. मग एक घोडागाडी आली म्हणून ती बघायला बाहेर गेलो.

१४ ऑगस्ट

मॅडमला विचारलं, आईलाही हे शिकवू का? त्या म्हणाल्या, नको. ही शिडी तुमची, तुमच्या भीतीच्या मापाची. आईचं दुःख वेगळं असेल, ती बाहेर का झोपते हे आपल्याला ठाऊक न्हाई. तिला वाटलं तर तिच्याशी मी स्वतंत्र बोलीन, तिच्या इच्छेनं. तुम्ही न्हाई. मी मान हलवत हाव हाव केलं.

पण मॅडमला काय ठाऊक. म्हातारी पावसात पत्र्याखाली कुडकुडते. थंडीत खोकते. मी एवढं बरं झालो आणि तिनं तसंच पडून राहावं? मी तिला एक गादी करणार. नऊ किलो कापूस, नवी सरकीविरहित रुई, पांढरी खोळ. टाके मी स्वतः घालणार.

२५ ऑगस्ट

आई ऐकत न्हाई. मला नगं, मी हितंच बरी, एवढंच. पुरावा विचारला तर म्हणते मला साळा शिकवू नको. मी सगळं सांगितलं, घर सरकारी इंजिनेरनं बांधलेलं, लोखंड घातलेलं, तीस वर्षांत काय झालं? ती म्हणाली, आत झोपलं की मला आवाज येतो. म्हटलं तो मनातला आवाज. ती म्हणाली, मनातलाच हाय रे, पर येतो.

मी चिडलो. म्हटलं, तू आत झोपणार नसशील तर मी दिवाळीला येत न्हाई.

ती म्हणाली, बरं.

मला वाईट वाटलं. पण शिडीची पहिली पायरी अशीच असते.

४ सप्टेंबर

गादी औशापर्यंत बसनं गेली. तिथून शेजारच्या गुणाबाईंच्या नातवानं ऑटोत घालून नेली. गुणाबाई म्हणजे आईची जुन्या गावापासूनची जोडीण. आईचा फोन आला, म्हणजे मीच केला. गादीवर हात फिरवून राहिली होती. एवढं पांढरं मातीत कसं टाकू म्हणाली. पोती सरकवून खोलीत जागा केली आणि दिवसा तासभर पडली म्हणे.

भीतीला मार्क दे म्हटलं. तिला शंभर म्हणजे किती ते कळेना. तू म्हणशील तेवढं धर, म्हणाली. मी साठ लिहिले.

आई: ६०. मी: २०.

१० सप्टेंबर

चार दिवस आई आत झोपते हाय. इथं दुकानात मी पेढे वाटले.

ती म्हणते वरून टक टक होतं आणि सकाळी उशीवर माती असते. म्हटलं, जुन्या घरात पाखरं असतात, उंदीर असतात. हा पुरावा झाला का? वर बघू नको. वर बघितलं की भीती वाढते. ती म्हणाली, बरं, न्हाई बघत.

पाऊस लई लागलाय तिकडं. सोयाबीन पिवळं पडलं म्हणे.

गवंड्याचं राहिलंच. उद्या गुणाबाईंच्या नातवाला सांगतो.

आई: ४०. मी: १०.

१२ सप्टेंबर

काल मॅडमनी वरची पायरी दिली. रोज संध्याकाळी मी आईच्या रिंगेची वाट बघत हातात फोन घेऊन बसतो, ती आली की मगच जेवतो. ही पण भीतीचीच सवय. एक संध्याकाळ फोन तासभर बाजूला ठेवायचा, आईला आधी सांगून. आणि फोन करून खात्री करायचा मोह झाला की वीस मिनिटं थांबायचं.

एक तास म्हणजे चिल्लर. मी सबंध रात्र ठेवणार. ह्या कोर्सात माझा पहिला नंबर यायला पायजे.

आईला मात्र सांगायचं विसरलो. दर्ग्याच्या संदलची मिरवणूक चालली होती, तीच बघत उभा राहिलो.

१४ सप्टेंबर, रविवार

साडेपाचला फोन बंद आवाजात कपाटात. वर रजईच्या चार घड्या. कुलूप. चावी सबिहाकडं. ती म्हणाली एवढं सांगितलं होतं का? म्हटलं, मी हुशार विद्यार्थी हाय.

पोट भरून जेवलो. स्लॅबखाली गाणं म्हटलं.

भीती: ५.

१५ सप्टेंबर, सकाळी नऊ

कपाट उघडलं. आईचे तेवीस मिस्कॉल.

आधी छातीत मशीन सुरू झालं. मग नीट बघितलं. माझ्या फोनात किती रिंगा वाजल्या तेही दिसतं. सगळे एकेक रिंगचे. एक आली, कट. मग थोड्या वेळानं परत एक, कट. दोन लागोपाठ कुठंच न्हाईत, म्हणजे 'फोन कर' न्हाई. पहिली संध्याकाळी सहा चाळीसला, शेवटची पहाटे चार दहाला.

एक रिंग म्हणजे मी हाय. तेवीस वेळा 'मी हाय'. माझी उलटी रिंग गेली न्हाई म्हणून म्हातारी रुसून देत बसली असणार. हसू आलं.

तरी फोन करावासा वाटतो. हाच तो मोह. वीस मिनिटं थांबायचं.

पुरावा बाजूनं: तेवीस कॉल. पुरावा विरुद्ध: सगळे एकेकच.

साडेनऊ. मोह उतरला. म्हणजे जमतं. आता दुपारी जेवूनच करीन. एका डॉक्टरच्या चार गाद्या द्यायच्या आहेत.

भीती: ३०, मग १०.

१५ सप्टेंबर

दोनला गुणाबाईंचा फोन

१७ सप्टेंबर, गाव

आतल्या खोलीचा अर्धा स्लॅब. तीस वर्षं पाणी मुरत होतं. कुणी आत झोपत नव्हतं म्हणून कुणी वर बघितलं न्हाई. गज सगळे कुजलेले. गवंडी आता आला. बघून म्हणाला, हातानं सुटतंय हे, एकदा काठी लावली असती तर कळलं असतं.

रविवारी संध्याकाळी साडेसहाच्या सुमाराला पडला. पाऊस एवढा होता की शेजारी वीज पडली समजले. अंगणातली बाज रिकामी दिसली तर गुणाबाईंना वाटलं, आता आत झोपते ना ती, लेकानं शिकवलंय.

सोमवारी दुपारी दार ढकललं.

कमरेपासून खाली सगळं. वरचं अंग गादीवर. फोन हातात. अंगठा बटणावर.

डॉक्टर म्हणाले पहाटेपर्यंत असेल जीव.

आमच्यात बसवून पुरतात. मातीतून काढली, मातीत बसवली. मी वर बघितलं, आभाळ होतं.

१९ सप्टेंबर, गाव

मकबूलभाई आले होते. माझ्या शेजारी मातीत बसून राहिले. जाताना म्हणाले, चल, खोली तुझीच हाय.

काल तनुजा मॅडमचा फोन. मी सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, हरिओम, आता मार्क न्हाई, शिडी न्हाई. आता फक्त माणसांत राहा. एकटे राहू नका. मकबूलभाईंचा नंबर मागून घेतला त्यांनी.

चांगल्या आहेत. त्यांनी नको म्हटलं होतं. हे लिहून ठेवतो. त्यांनी नको म्हटलं होतं.

२२ सप्टेंबर, गाव

आज गुणाबाईंनी सांगितलं. मला आईनं कधी सांगितलं नव्हतं.

आदिनाथ लगेच गेला नव्हता. भिंतीखाली होता, दोन दिवस. दिसत नव्हता, बोलणं ऐकू येत नव्हतं. आईनं दगडावर दगड मारला. आतून एक ठोका आला. मग तिनं ओरडून शिकवलं त्याला, लेकरा, एक ठोका दे, म्हणजे मला कळंल तू हाय. माणसं येतील तोवर एक एक देत राहा. दोन दिवस एक ती द्यायची, एक तो. हातांनी दगड उपसून राहिली होती. दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला तिनं दिला, तिकडून आला न्हाई.

भिऊन न्हाई रे झोपायची ती बाहेर, गुणाबाई म्हणाल्या. आत झोपलं की तिला ते ठोके यायचे. बाहेर आभाळाखाली येत नव्हते.

म्हणून दिवेलागण. म्हणून एक.

मी समजत होतो एक म्हणजे सगळं बरं हाय. तिच्या लेखी एक म्हणजे जीव हाय, ये.

तेवीस वेळा, आई.

२४ सप्टेंबर, नांदेड

मकबूलभाई घेऊन आले. सबिहा खिचडी आणते, मी खाईस्तोवर उठत न्हाई. गच्चीवर झोपतो. भाई पण गच्चीवर झोपतात, गुडघा दुखत असून.

आईचा फोन माझ्या पेटीत हाय. काच फुटलेली. बॅटरी मी काढून वेगळी ठेवली.

आज दिवेलागणीला माझ्या फोनवर 'आई' आलं. एक रिंग. कट.

२५ सप्टेंबर

परत. पेटी उघडून समोर ठेवली होती. बॅटरी इकडं, फोन तिकडं, सिमकार्ड माझ्या मुठीत.

एक रिंग. कट.

मी उलटी एक दिली. सवयीनं.

कॉलच्या यादीत काही दिसत न्हाई. सबिहाला दाखवलं. ती रडली. तिनं मॅडमला फोन लावला, मला द्यायला लागली. मी उठलो.

२६ सप्टेंबर

मनात आलेला विचार म्हणजे बातमी नव्हे. हे मी आईला सांगितलं होतं.

आज रिंग भाईंनीही ऐकली. तोंडावरून कळलं. रजई शिवता शिवता दाभण थांबलं त्यांचं. हळूच म्हणाले, कौन है?

२८ सप्टेंबर

रिंग आता फोनमधून येत न्हाई. दुकानात काठीनं गादी ठोकत होतो. मी थांबलो तरी एक ठोका जास्तीचा आला. कापसातून.

ठोकला. थांबलो. एक.

परत. एक.

आधी एकच होता, मोठ्या हाताचा. मग दोन आले, वेगवेगळे. एक बारीक हाताचा. पाच वर्षांच्या.

३० सप्टेंबर

गुपचूप निघालो. भाई डॉक्टरकडं गेले होते. त्यांच्या गादीवर चिठ्ठी ठेवली. लोह्याला बस थांबली. भजी. एक बाई बघून राहिली माझ्याकडं. तिनं काही विचारलं न्हाई.

फोनवर भाईंचे अकरा मिस्कॉल. लांब लांब रिंगा. मॅडमचे चार.

उचलले पायजेत. वीस मिनिटांनी —

१ ऑक्टोबर, गाव, दुपार

गुणाबाईंनी भाकरी दिली. म्हणाल्या आज तारीख कोणती ठाऊक हाय का. हाय. आजच्याच दिवेलागणीला तो थांबला होता.

आत जाऊ नको म्हणाल्या. अर्धा स्लॅब अजून वर लोंबतोय, उद्या पाडणार आहेत. माझा हात धरून बसल्या होत्या. मग नातवानं हाक मारली.

दारातून गादी दिसते. माझे टाके. एकही उसवला न्हाई.

खालून आवाज येतोय. इथं, उंबऱ्यापर्यंत.

१ ऑक्टोबर, दिवेलागण

आत हाय. गादीवर. दार उघडं ठेवलंय मॅडम, पहिल्या पायरीसारखं.

दगड घेतला. फरशीवर एक दिला.

एक आला.

आई, मी वाट बघतोय आता. फोन हातात हाय. कपाटात न्हाई.

परत दिला. एक. आणि त्याच्या मागं बारीक, एक. दोघं आहेत. इतकी वर्षं आदिनाथ एकटाच देत होता, आता ती पण —

वहीवर माती पडली. ही खरी हाय. पुसली तर बोटाला लागते. वर बघायला शिकवलं होतं तिनं, आधी वर बघ. मीच तिला सांगितलं नको बघू —

गुणाबाई अंगणातून ओरडतायत. भाईंचा पण आवाज, एवढ्या लांबून आले, गुडघा घेऊन. बाहेर ये रे, बाहेर ये म्हणतायत. येतो. एवढं उत्तर आलं की —

मी दिला. एक.

खालचे ठोके थांबलेत. वरून माती वाढली.

भीती: ०

आला. ठोका न्हाई, फोन. माझ्या हातातला. 'आई' आलं. एक रिंग. आणि कट न्हाई झाला, दुसरी —

पहिल्यांदाच, दोन. दोन म्हणजे